मी बारावी पास नाही: एका प्रमाणपत्राचा दीडशे वर्षांचा प्रवास



गेल्या काही भागांत आपण लढाया पाहिल्या, नकाशे पाहिले. आजच्या गप्पांत एकही गोळी सुटणार नाही. आज एक कागद पाहायचा आहे. बहुतेकांच्या कपाटात तो एका प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला असतो आणि वर्षानुवर्षे कुणी त्याच्याकडे बघतही नाही. पण ज्याच्याकडे तो नसतो, त्याला तो रोज आठवतो. बारावीचे प्रमाणपत्र.

आधी एक कबुली देतो. मी स्वतः बारावी पास नाही. पदवी आहे, ३२ वर्षे पायदळात अधिकारी होतो, पण बारावीचा कागद माझ्याकडे नाही. कारण सोपे आहे. मी शाळेत होतो तेव्हा आमच्या राज्यात बारावीच नव्हती. मी इंदूरचा. १९७७ साली मध्य प्रदेश मंडळाची हायर सेकंडरी परीक्षा अकरावीला दिली आणि थेट तीन वर्षांच्या बी.ए.ला गेलो. पुण्याचा माझा मावसभाऊ माझ्याच वयाचा. तो आदल्या वर्षी नव्या पद्धतीची दहावी होऊन अकरावीत, पण ज्युनियर कॉलेजात. सुट्टीत दोघे भेटलो की आजी विचारायची, "अरे, हा अकरावी होऊन कॉलेजात जाणार, आणि तो अकरावीतच कॉलेजात. मग तुमच्यात पुढे कोण?" आम्हा दोघांनाही उत्तर देता यायचे नाही.

आजीचा प्रश्न भाबडा नव्हता. शाळा कुठे संपते आणि कॉलेज कुठे सुरू होते, हा आपल्या देशातला दीडशे वर्षांचा वाद आहे. आज त्याचीच गोष्ट सांगतो. शेवटी माझ्या पलटणीतल्या एका जवानाची गोष्ट सांगेन. खरे तर त्याच्यामुळेच हा विषय घेतला.

सुरुवात १८५७ पासून करू. हे साल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मेरठ, कानपूर, झाशी येते. पण त्याच वर्षी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे तीन विद्यापीठे स्थापन झाली. त्यामागे १८५४ चा वुडचा खलिता होता. या विद्यापीठांनी आत येणाऱ्यांसाठी एक परीक्षा ठेवली, तीच मॅट्रिक्युलेशन. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या पहिल्या तुकडीत होते.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. मॅट्रिक ही शाळा संपल्याची परीक्षा नव्हती. ती विद्यापीठाच्या देवडीवरची परीक्षा होती. शाळेने काय शिकवले याच्याशी विद्यापीठाला कर्तव्य नव्हते. मुलगा इंग्रजीतले व्याख्यान समजून घेईल का, एवढेच पाहायचे होते. पण झाले उलटेच. सरकारी कचेऱ्यांना कारकून हवे होते आणि त्यांना माणूस पारखायला तयार माप मिळाले. बघता बघता मॅट्रिक ही नोकरीची अट झाली. शाळा मॅट्रिकसाठीच शिकवू लागल्या. आपल्याकडे तर 'नॉनमॅट्रिक' असा एक वर्गच तयार झाला. स्थळ पाहायला आलेल्या माणसाला मुलाचा बाप हळू आवाजात सांगायचा, "नॉनमॅट्रिक आहे, पण हुशार आहे."

त्या परीक्षेचे मोल केवढे होते, हे एका उदाहरणावरून कळेल. १९०७ साली भीमराव आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्कारासाठी सभा भरली आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. एक मुलगा परीक्षा पास झाला म्हणून सभा! पण ज्या समाजाला शाळेच्या वर्गातही वेगळे बसवले जात होते, त्याच्यासाठी तो कागद काय होता, हे त्या सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. आणखी एक धागा आम्हा फौजींच्या जिव्हाळ्याचा. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करातले, आणि लष्कराच्या शाळेत शिकवणारे. त्या घरात अक्षर आले ते फौजेच्या वाटेने.

आता पुढचा टप्पा. १८८२ साली हंटर आयोग नेमला गेला. त्याने ओळखले की सगळी मुले एकाच दरवाजाकडे धावत आहेत. म्हणून त्याने सुचवले की हायस्कूलच्या वरच्या वर्गांत दोन शाखा करा: एक विद्यापीठाकडे जाणारी, दुसरी व्यापार-उद्योगाकडे वळणारी. सूचना उत्तम होती. पण दुसऱ्या शाखेला ना प्रतिष्ठा होती ना नोकरीची हमी, त्यामुळे लोक पहिल्याच रांगेत उभे राहिले. ही रांग लक्षात ठेवा. ती पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

त्यानंतर आला १९१७ ते १९१९ चा कलकत्ता विद्यापीठ आयोग, म्हणजे सॅडलर आयोग. त्याने रोखठोक सांगितले की शाळा आणि विद्यापीठ यांच्यातली सीमारेषा चुकीच्या जागी आखली आहे. मॅट्रिक होऊन येणारी पंधरा-सोळा वर्षांची पोरे विद्यापीठाच्या शिक्षणाला कच्ची पडतात. ही रेषा दोन वर्षे पुढे, इंटरमीजिएटनंतर न्या, आणि ही दोन वर्षे सांभाळायला विद्यापीठापासून वेगळी मंडळे स्थापन करा. बारावी नावाच्या कल्पनेची पहिली वीट इथे बसली असे मी मानतो. संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, १९२१ साली हायस्कूल आणि इंटरमीजिएट मंडळ स्थापन झाले. म्हणून आजही अलाहाबाद-कानपूरकडचा माणूस 'बारावी' म्हणत नाही, 'इंटर' म्हणतो. १९२९ साली अजमेरला राजपुताना, मध्य भारत आणि ग्वाल्हेर यांच्यासाठी असेच मंडळ निघाले. १९५२ साली त्याला 'केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ' हे नाव मिळाले. आज घराघरांत माहीत असलेले सीबीएसई ते हेच.

मुंबई इलाख्यात वाट थोडी वेगळी होती. तिथे १९४९ पासून विद्यापीठाच्या मॅट्रिकची जागा एस.एस.सी. परीक्षेने घेतली. नाव बदलले, मंडळ बदलले, पण शाळा अकरा वर्षांचीच राहिली आणि इंटर कॉलेजातच राहिले. आमच्या वडिलांच्या पिढीतले लोक 'इंटर सायन्सला दांडी उडाली' असे म्हणायचे, ते हेच इंटर.

स्वातंत्र्यानंतर १९५२-५३ साली मुदलियार आयोगाने अकरा वर्षांची हायर सेकंडरी आणि पुढे तीन वर्षांची पदवी असा आराखडा दिला. आमच्या मध्य प्रदेशाने तो उचलला. मी त्याचेच फळ. महाराष्ट्राने तो तसा घेतला नाही. कुठे अकरा वर्षे, कुठे दहा, कुठे पीयूसी, कुठे प्री-डिग्री. बदलीवरच्या माणसाच्या मुलांचे मात्र हाल. बाप पठाणकोटहून बेळगावला बदलला की मुलगा नेमक्या कोणत्या वर्गात बसणार, हे हेडमास्तर ठरवणार. म्हणून १९६२ साली सीबीएसईची पुनर्रचना झाली, ती मुख्यतः बदलीच्या नोकरीतल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी. पाठोपाठ १९६३ साली सेंट्रल स्कूल, म्हणजे आजची केंद्रीय विद्यालये सुरू झाली. सुरुवातीला ज्या २० शाळा ताब्यात घेतल्या, त्या पलटणींच्या म्हणजे रेजिमेंटल शाळा होत्या. माझी दोन्ही मुले अशाच विद्यालयांत चार राज्यांत शिकली आणि त्यांचे एकही वर्ष वाया गेले नाही.

आता मुख्य वळण. १९६४ ते १९६६ चा कोठारी आयोग. अध्यक्ष होते भौतिकशास्त्रज्ञ दौलतसिंह कोठारी, आणि सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. हे नाव मराठी माणसाने विसरू नये. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचा हा माणूस. देशभर एकच साचा असावा, दहा अधिक दोन अधिक तीन, ही शिफारस या आयोगाची. १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ती स्वीकारली. महाराष्ट्रात नव्या पद्धतीची पहिली दहावी १९७५ साली झाली. सीबीएसईची दहावी १९७७ साली आणि बारावी १९७९ साली. बाकीची राज्ये एकेक करून येत राहिली. केरळात तर प्री-डिग्री विद्यापीठातून पूर्णपणे बाहेर पडायला नवे शतक उजाडावे लागले.

पण कोठारी आयोगाचे अर्धेच म्हणणे आपण ऐकले. आयोगाला या दोन वर्षांत निम्मी मुले व्यवसाय-शिक्षणाकडे वळायला हवी होती. 'अधिक दोन' ही नुसती कॉलेजची पायरी नव्हती. तिथून माणूस हाताला काम घेऊन बाहेर पडावा, असा तो बेत होता. १९८६ च्या धोरणाने उद्दिष्ट कमी केले: १९९० पर्यंत १० टक्के आणि १९९५ पर्यंत २५ टक्के. तेही गाठले गेले नाही. हंटर आयोगाची ती रांग आठवते ना? सगळे पुन्हा पहिल्याच रांगेत. बारावी म्हणजे डॉक्टर-इंजिनियरच्या दाराची घंटा, असेच होऊन बसले.

मग जे शाळेतून मधेच सुटले, त्यांचे काय? शेतीमुळे, लग्नामुळे, बापाच्या आजारपणामुळे, किंवा सतराव्या-अठराव्या वर्षी फौजेत भरती झाल्यामुळे? त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. श्रोत्यांपैकी कुणाच्या घरी गरज असेल तर इथे कागद-पेन्सिल घ्या.

पहिली वाट राज्य मंडळाची, खासगी परीक्षार्थी म्हणून. महाराष्ट्रात तिला सगळे 'सतरा नंबरचा फॉर्म' म्हणूनच ओळखतात. वर्गात न बसता एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयामार्फत नाव नोंदवायचे आणि नेहमीच्या विद्यार्थ्यांबरोबर बारावीची परीक्षा द्यायची. मंडळ तेच, प्रश्नपत्रिका तीच. महाराष्ट्र मंडळात उत्तीर्ण व्हायला प्रत्येक विषयात ३५ गुण लागतात, सीबीएसईत ३३ टक्के.

दुसरी वाट मुक्त विद्यालयाची. १९७९ साली सीबीएसईने दिल्लीत एक प्रयोग म्हणून मुक्त शाळा काढली. १९८९ साली तिचे स्वायत्त राष्ट्रीय मुक्त विद्यालय झाले, १९९० साली तिला स्वतः परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याचा अधिकार मिळाला, आणि २००२ पासून तिचे नाव राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजेच एनआयओएस. अटी अशा. मान्यताप्राप्त मंडळाची दहावी झालेली हवी. वय किमान १५. कमाल मर्यादा नाही, साठीतला माणूसही बसू शकतो. किमान पाच विषय, त्यांत एक भाषा हवीच. विज्ञान, वाणिज्य, कला अशा भिंती नाहीत. गणिताबरोबर चित्रकलाही घेता येते. नोंदणी पाच वर्षे चालते आणि त्या मुदतीत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एका वेळी एक विषय दिला तरी चालतो. पास झालेला विषय जमा राहतो. दुसऱ्या मान्यताप्राप्त मंडळात नापास झालेल्याला तिथे पास झालेले दोन विषयांपर्यंतचे गुण इकडे आणता येतात. एक अट मात्र लोक विसरतात: दहावी आणि बारावी यांत दोन वर्षांचे अंतर लागते. 'सहा महिन्यांत दहावी-बारावी दोन्ही' अशी जाहिरात दिसली की समजा, पाणी मुरते आहे. प्रवेश घेण्याआधी मंडळ मान्यताप्राप्त आहे का, हे तपासल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

हे प्रमाणपत्र कमी प्रतीचे आहे का? नाही. तरी त्याला स्वतःचा मान कमवावा लागला. मुक्त विद्यालयातून आलेल्यांना वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला अपात्र ठरवणारा नियम केला गेला होता. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

तिसरीही एक आडवाट होती: बारावी टाळून, पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून थेट मुक्त विद्यापीठाच्या पदवीला जाण्याची. ज्ञानासाठी ती वाट उत्तम. पण नोकरीच्या जाहिरातीत 'दहा अधिक दोन अधिक तीन' असे लिहिलेले असेल तर मधली पायरी नसलेला माणूस अडतो. म्हणून माझा सल्ला सरळ आहे. उशीर झाला तरी चालेल, पण मधली पायरी चुकवू नका.

आता फौजेकडे येतो. जवानांच्या शिक्षणासाठी आमच्याकडे स्वतंत्र कोअर आहे, आर्मी एज्युकेशन कोअर. १ जून १९२१ हा तिचा स्थापना दिवस आणि पचमढी हे तिचे केंद्र. बढतीसाठी जवानाला लष्कराच्या स्वतःच्या शैक्षणिक परीक्षा द्याव्या लागतात. शिवाय १९८६ पासून केंद्राचा असा नियम आहे की मॅट्रिक झालेला आणि १५ वर्षे सेवा केलेला माजी सैनिक 'क' गटातल्या काही पदांसाठी पदवीधरासमान धरला जातो. हे चांगलेच आहे. पण समान धरणे वेगळे आणि असणे वेगळे, हे मला एका जवानाने शिकवले.

१९९५ साल. मी कंपनी कमांडर होतो, आणि आमची कंपनी बर्फातल्या एका चौकीवर. सांगली जिल्ह्यातला एक लान्सनायक होता. नाव सांगत नाही. दहावी होऊन भरती झालेला, शांत, हिशोबी. त्याने मुक्त विद्यालयात नाव घातले होते आणि पाचांतले तीन विषय काढले होते. एके दिवशी तो समोर उभा राहिला. "साहेब, दोन पेपर राहिलेत. बारा दिवसांची रजा मिळाली तर बारावी होईल." माझ्याकडे माणसे कमी होती, पुढच्या आठवड्यात चौकी बदलायची होती. मी म्हणालो, "अरे, परीक्षा काय, सहा महिन्यांनी पुन्हा येईल." तो "जी साहेब" म्हणाला आणि गेला.

मी खोटे बोललो नव्हतो. परीक्षा सहा महिन्यांनी आली. तेव्हा तो दुसऱ्या चौकीवर होता. त्यानंतरच्या वेळी पलटण काश्मीर खोऱ्यात. असे करता करता त्याच्या नोंदणीची पाच वर्षे संपली. त्याने तक्रार केली नाही. मीही विसरून गेलो.

२००५ साली तो १७ वर्षांची नोकरी करून निवृत्त झाला. वय ३५. घरी दोन शाळकरी मुली. एका संस्थेत पर्यवेक्षकाची जागा निघाली. अट बारावी पास. त्याने लष्कराचे कागद पुढे केले. टेबलामागच्या माणसाने ते उलटसुलट पाहिले आणि परत दिले. हा नियम केंद्राच्या नोकरीला, आमच्याकडे नाही, बारावीचे प्रमाणपत्र आणा. ज्या माणसाने बर्फात माझ्या कंपनीची पहिली गस्त नेली, तो एका कागदासाठी त्या दारातून परत फिरला. हे त्याने मला त्या वेळी कळवलेही नाही.

मला कळले ते २००९ साली. टपालाने एक पाकीट आले. आत बारावीच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स आणि चार ओळींची चिठ्ठी. त्याने पुन्हा नोंदणी केली होती, दिवसा एका कारखान्याच्या गेटवर पहारा देत, रात्री अभ्यास करत पाचही विषय काढले होते. वय ३९. मोठी मुलगी त्याच वर्षी दहावीला होती. बापलेक एकाच टेबलावर अभ्यासाला बसायचे. चिठ्ठीत शेवटी लिहिले होते की साहेब, परीक्षा आली, थोडी उशिरा आली.

मी ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली. त्यात टोमणा नव्हता, हेच मला जास्त लागले. लगेच फोन करायचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी केला आणि माफी मागितली. तो म्हणाला, "साहेब, तुमच्या जागी मी असतो तर मीही रजा दिली नसती. पण मी तारीख डायरीत लिहून ठेवली असती, आणि पुढच्या वेळी स्वतः विचारले असते." त्यानंतर नोकरीची जी काही वर्षे उरली होती, त्यांत माझ्या हाताखालच्या प्रत्येक कंपनी कमांडरला मी एक वही ठेवायला लावली: कोणता जवान कोणती परीक्षा देतो आहे आणि तिची तारीख कोणती.

२०२२ साली अग्निपथ योजना आली. साडेसतरा वर्षांचा मुलगा दहावीवर जनरल ड्यूटीला भरती होतो आणि चार वर्षांनी चारांतले तीन घरी परततात. त्याच वेळी शिक्षण मंत्रालयाने जाहीर केले की दहावी झालेल्या अग्निवीरांना सेवेत असतानाच बारावीचे प्रमाणपत्र मिळावे, म्हणून एनआयओएस खास कार्यक्रम आखील. वाचून बरे वाटले. योजनेच्या बाजूने आणि विरोधात पुष्कळ बोलले जाते; त्यात आज शिरत नाही. पण माझ्या पलटणीतला तो लान्सनायक ३५ व्या वर्षी ज्या दारात उभा राहिला, त्या दारात हा मुलगा २२ व्या वर्षी उभा राहील. तेव्हा त्याच्या हातात तो कागद हवा. सरकारने वाट आखली. परीक्षेच्या दिवशी त्याला सोडणे मात्र त्याच्या कंपनी कमांडरच्या हातात आहे. माझे हे बोलणे कुणी तरुण अधिकारी ऐकत असेल तर त्याने ती वही आजच सुरू करावी.

शेवटी आजीच्या प्रश्नाकडे. पुढे कोण? १८५७ साली दारावरची परीक्षा म्हणून जी सुरू झाली, तिचे पुढे शाळा संपल्याचे प्रमाणपत्र झाले. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांनी प्रवेशासाठी पुन्हा वेगळी परीक्षा आणली, म्हणजे बारावीचे गुण मागे सरले, पण बारावी पास असण्याची अट कायम राहिली. इंटर, पीयूसी, एच.एस.सी., प्लस टू, नावे कितीही बदलोत, ही पायरी हलली नाही. तुमच्या घरात, गल्लीत, कामावर कुणीतरी असा असेलच, ज्याचे दोन पेपर राहिलेले आहेत. त्याला आज विचारा. तारीख डायरीत लिहून ठेवा.

पुन्हा भेटूच. जय हिंद.